‘इंटिमेट’ : अर्थ, उगम आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘इंटिमेट’ हा इंग्रजी शब्द आपल्याला विमा कंपनीच्या मेसेजमध्ये भेटतो, लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीत भेटतो आणि सिनेमाच्या परीक्षणातही भेटतो. तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा, त्यामुळे भाषांतर करताना भलेभले अडतात. मी भाषांतराचं काम करतो आणि या शब्दाबद्दल मला जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्न दोन ओळींत मिटतात, काहींत खूप काही दडलेलं आहे.

‘इंटिमेट’चा मूळ अर्थ काय?

सगळ्यात आतला. नात्याबद्दल वापरला की अगदी आतपर्यंत पोचलेलं, काही आडपडदा न उरलेलं नातं. माया, प्रेम वगैरे त्यात आपण गृहीत धरतो, पण शब्द सांगतो ती फक्त खोली. म्हणूनच इंग्रजीत एखाद्या मेकॅनिकला डिझेल इंजिनाचं ‘इंटिमेट नॉलेज’ असू शकतं. त्याचं इंजिनावर प्रेम असेलच असं नाही. त्याला ते नटबोल्टासकट ठाऊक आहे, एवढंच. रसायनशास्त्रात ‘इंटिमेट मिक्स्चर’ म्हणजे कण न् कण एकमेकांत मिसळलेलं मिश्रण. खोलीचा हा मुद्दा पक्का धरला की पुढचा बराचसा गोंधळ आपोआप सुटतो.

हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘इन’ म्हणजे आत. त्यावरून ‘इंटुस’ म्हणजे आतमध्ये, ‘इंटेरिओर’ म्हणजे अधिक आतला आणि ‘इंटिमुस’ म्हणजे सर्वांत आतला. इंटेरिओर डिझाइनमधला ‘इंटेरिअर’ तो हाच. म्हणजे घर सजवणारा इंटेरिअर आणि जिवाभावाचा इंटिमेट हे एकाच विशेषणाचे दोन दर्जे आहेत, ‘तर’ म्हणजे अधिक आणि ‘तम’ म्हणजे सर्वांत.

लॅटिनमध्येच ‘इंटिमुस’चा अर्थ जिवलग मित्र असा झाला होता. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यावरून ‘इंटिमारे’ हे क्रियापद निघालं : आतलं बाहेर सांगणं, जाहीर करणं. आपल्याकडे पोटातलं ओठांवर येतं म्हणतात, त्यातलाच प्रकार. या क्रियापदापासून झालेलं ‘इंटिमातुस’ हे रूप इंग्रजीने उचललं.

इंग्रजीतला क्रम मजेशीर आहे. आधी आलं ‘इंटिमेशन’, म्हणजे सूचना, पंधराव्या शतकात. मग सोळाव्या शतकात कळवणे या अर्थाचं क्रियापद. नात्याबद्दलचं विशेषण सगळ्यांत शेवटी, १६३० च्या दशकात. म्हणजे आज आपल्याला जो अर्थ मुख्य वाटतो तो इंग्रजीत धाकटा, आणि सरकारी कागदावरचा रूक्ष अर्थ थोरला.

आपल्या ‘अंतर’ शब्दाशी याचं नातं आहे असं म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि ते ओढूनताणून जुळवलेलं नाही. संस्कृत आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या. संस्कृत ‘अन्तर्’ आणि लॅटिन ‘इंटेर’ हे सख्खे शब्द आहेत. अर्थही जुळतात : आत, मध्ये.

दुसरी खूण प्रत्ययाची. लॅटिनमध्ये ‘इंटिमुस’, ‘उल्टिमुस’, ‘ऑप्टिमुस’ अशी जी रूपं दिसतात, त्यांतला शेवटचा भाग आणि आपल्या उत्तम, प्रियतम यांतला ‘तम’ एकाच मुळाचे आहेत. ऋग्वेदात तर ‘अन्तम’ असाच शब्द आहे, अर्थ ‘सर्वांत जवळचा’. पाचव्या मंडलातल्या चोविसाव्या सूक्ताची सुरुवातच ‘अग्ने त्वं नो अन्तम’ अशी होते. अग्ने, तू आमचा सगळ्यांत जवळचा हो, रक्षणकर्ता हो, अशी ती विनवणी. लॅटिन येणाऱ्या माणसाला तिथे ‘इंटिमुस’ ऐकू आल्याशिवाय राहणार नाही.

मराठीत या घराण्याचे शब्द किती पसरलेत पाहा. ‘आत’, ‘अंतरंग’, ‘अंतःकरण’ हे तर उघड आहेत. पण ‘आतडं’सुद्धा त्यातलंच. संस्कृत ‘अन्त्र’, ग्रीक ‘एंटेरॉन’. ग्रीक शब्दावरून डॉक्टरांचे ‘एंटेरिक फीव्हर’ आणि ‘डिसेंट्री’ आले. लॅटिनकडून ‘इंटेस्टाइन’ आलं ते ‘इंटुस’वरून. आणि मराठी माणूस जवळच्या नात्याबद्दल बोलताना नेमका आतड्यांपाशीच जातो. आतड्याची माया असते, लेकरासाठी आतडं तुटतं. ‘इंटिमेट’चा अर्थ शाळकरी मुलांना समजवायचा तर मी शब्दकोश बाजूला ठेवून ‘आतड्याची माया’ सांगेन.

‘अंतर’ची एक गंमत राहिलीच. मराठीत ‘अंतरी’ म्हणजे मनाच्या आत आणि ‘अंतर ठेवणे’ म्हणजे लांब राहणे. एकच शब्द जवळचाही आणि लांबचाही कसा? कारण मुळात अर्थ ‘मधला’. दोन वस्तूंच्या मधली जागा म्हणजे फट, आणि एका वस्तूच्या मध्यावरची जागा म्हणजे गाभा. संस्कृतातच ‘अन्तर’ला हे दोन्ही अर्थ होते.

विमा कंपनी मला क्लेम ‘इंटिमेट’ करायला सांगते. त्याचा जवळीकीशी काय संबंध?

तिथे ते क्रियापद आहे. अर्थ साधा : कळवा. माणूस हॉस्पिटलमध्ये दाखल झाला की कंपनीला फोन, ॲप किंवा ई-मेलने खबर द्यायची, ती ‘क्लेम इंटिमेशन’. किती तासांत द्यायची ते प्रत्येक पॉलिसीत लिहिलेलं असतं, आणि ते आधीच वाचून ठेवलेलं बरं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभं राहून बारीक टायपातला कागद कोणी वाचत नाही.

भारतातल्या ऑफिशियल इंग्रजीला या क्रियापदाचं भारी वेड. ‘काइंडली इंटिमेट द सेम’ हे वाक्य इंग्लंड-अमेरिकेतला आजचा माणूस सहसा लिहिणार नाही. तिकडे हे क्रियापद उरलं आहे ते मुख्यतः ‘सूचकपणे सांगणे, आडून सुचवणे’ या अर्थाने. म्हणजे तुम्ही लंडनच्या क्लायंटला ‘आय विल इंटिमेट यू’ लिहिलंत तर तो बिचकेल. ‘आय विल लेट यू नो’ लिहा, प्रश्न मिटला.

आयकर विवरणपत्र भरलेल्यांना १९६१ च्या कायद्यातल्या कलम १४३(१)ची ‘इंटिमेशन’ ओळखीची असेल. बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून ई-मेल येते, सोबत कुलूपबंद पीडीएफ, आणि ती उघडायला पॅन लहान अक्षरांत व पुढे जन्मतारीख टाकावी लागते. ही मेल आली की घाबरणारे पुष्कळ. खरं तर तुम्ही दाखवलेला हिशेब आणि खात्याने केलेला हिशेब शेजारी शेजारी मांडून ‘कळवलेलं’ असतं, इतकंच. फरक निघाला तर मात्र पुढे पाहावं लागतं.

पण या शब्दाचा अस्सल मुंबई अवतार वेगळाच आहे, तो म्हणजे ‘आयओडी’. पुनर्विकासाला निघालेल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत ‘आयओडी आली का?’ हा प्रश्न असतोच. पूर्ण नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, शब्दशः ‘नामंजुरीची सूचना’. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३४६ खाली पालिका ती देते. त्या कायद्याची भाषा अशी की अमुक अमुक कारणांमुळे तुमचं बांधकाम मंजूर करता येत नाही, आणि खाली अटींची लांबलचक यादी. त्या अटी पुऱ्या केल्या की काम मार्गी लागतं. म्हणून नाव नामंजुरीचं असूनही आयओडी हाती पडली की सोसायटीत पेढे वाटले जातात. प्रत्यक्ष काम सुरू करायला मात्र ‘सीसी’, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, वेगळं लागतं. आयओडीच्या पेढ्यावर घर खाली करू नये.

‘इंटिमेट’चा उच्चार कसा करायचा?

विशेषण आणि क्रियापद यांचं स्पेलिंग एकच, उच्चार दोन. विशेषण ‘इंटिमट’, शेवटचा स्वर जवळजवळ गिळलेला. क्रियापद ‘इंटिमेइट’, शेवट ठसठशीत. ‘सेपरेट’, ‘मॉडरेट’, ‘डुप्लिकेट’, ‘एस्टिमेट’, ‘ग्रॅज्युएट’ या सगळ्यांचं असंच आहे. मराठीत बोलताना आपण सरसकट ‘इंटिमेट’ म्हणतो. त्यात काही बिघडत नाही. इंग्रजी मुलाखतीत किंवा परीक्षेत बोलायचं असेल तर तेवढा फरक जपा.

‘इंटिमिडेट’ आणि ‘इनमेट’ हे याचेच भाऊबंद का?

नाहीत. ‘इंटिमिडेट’, म्हणजे धाक दाखवणे, हे लॅटिन ‘तिमिदुस’वरून आलं. ‘तिमिदुस’ म्हणजे भित्रा. इंग्रजी ‘टिमिड’ तोच. ‘इनमेट’मध्ये ‘मेट’ म्हणजे सोबती. आज तुरुंगातल्या कैद्याला तो शब्द चिकटला आहे, पण सुरुवातीला दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करून राहणारा असा त्याचा अर्थ होता. ‘अल्टिमेट’ मात्र प्रत्ययापुरता नातेवाईक आहे.

या शब्दाला शरीरसंबंधाचा अर्थ कधी चिकटला?

सूचक अर्थाने सतराव्या शतकापासून दिसतो, पण खरा पक्का केला तो वर्तमानपत्रांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये घटस्फोटाच्या खटल्यांच्या बातम्या चवीने वाचल्या जायच्या. जे घडलं ते स्पष्ट छापता येत नसे, मग ‘इंटिमसी’ झाली असं लिहायचं. वाचणारा काय ते समजायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बायकांच्या अंतर्वस्त्रांनाही हाच शब्द लावला जाऊ लागला.

तोवर शब्द अगदी घरंदाज होता. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये बेनेट कुटुंबाचे शेजारच्या कुटुंबाशी ‘इंटिमेट’ संबंध आहेत, म्हणजे निव्वळ घरोबा. आजचा कोवळा वाचक तिथे थबकतो.

मराठी वर्तमानपत्रांनी ‘संबंध’ या निरागस शब्दाचं तेच केलं. ‘दोघांचे संबंध होते’ असं छापून आलं की ते व्यापारी संबंध होते का, हे कोणी विचारत नाही.

मग ‘इंटिमेट फ्रेंड’ लिहावं की नाही?

जुन्या मराठी माध्यमाच्या शाळांत ‘जिवलग मित्र’चं भाषांतर ‘इंटिमेट फ्रेंड’ असंच शिकवायचे, आणि ‘माझा मित्र’ या निबंधात ते हमखास यायचं. व्याकरणाने त्यात काहीच चूक नाही. पण आज परदेशी वाचकासमोर तो शब्द भलती शंका निर्माण करतो. व्हिसाच्या अर्जात, शिफारसपत्रात, ऑफिसच्या मेलमध्ये ‘क्लोज फ्रेंड’ लिहा. ‘वी आर इंटिमेट’ हे वाक्य तर दोन मित्रांनी स्वतःबद्दल बोलू नये, नाहीतर ऐकणारा अभिनंदन करून मोकळा होईल. विषयाचं ज्ञान, छोटा कार्यक्रम, दोन गोष्टींतला निकटचा दुवा यांना ‘इंटिमेट’ बेधडक वापरा.

‘इंटिमेट वेडिंग’ म्हणजे काय?

मोजक्या माणसांतलं लग्न. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या नियमांनी लग्नाला ५० माणसांची मर्यादा घातली आणि हजार पानं उठवणाऱ्या घरांनाही घरगुती लग्न करावं लागलं. निर्बंध गेले, शब्द राहिला. हॉलवाल्यांनी त्याला फुलं आणि मंद दिवे लावून दर वाढवले हे वेगळं. आमच्या आजीच्या पिढीत याला ‘घरच्या घरी उरकलं’ म्हणायचे आणि त्यात थोडी कुजबुजही असायची.

‘इंटिमेट डिस्टन्स’ असंही वाचलं. अंतर आणि तेही इंटिमेट?

१९६६ मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात याची चार वर्तुळं मांडली. स्पर्शापासून साधारण १८ इंचांपर्यंतचं ‘इंटिमेट’, तिथून ४ फुटांपर्यंतचं वैयक्तिक, १२ फुटांपर्यंतचं सामाजिक आणि त्यापुढचं सार्वजनिक. त्यांनी हे आकडे अमेरिकी मध्यमवर्गीयांवरून काढले होते आणि दुसऱ्या संस्कृतीत ते बदलतात हेही बजावलं होतं.

गर्दीच्या भुयारी रेल्वेत परके लोक या १८ इंचांत येतात तेव्हा अंग आक्रसून, नजर शून्यात लावून उभे राहतात, असं हॉल यांनी टिपलं आहे. संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये शिरलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. कोपर दुसऱ्याच्या बरगडीत आणि डोळे वरच्या हँडलवर. मात्र आपल्याकडे त्याच डब्यात ग्रुपही असतात, भजनं असतात, हळदीकुंकू असतं; १८ इंचांत अडकलेले परके लोक वर्षभरात एकमेकांच्या घरच्या बारशाला जातात. हॉल यांच्या वर्तुळांत हे बसवणं कठीण आहे.

इंटिमसी कोऑर्डिनेटर काय करतो?

चित्रीकरणात जवळिकीचे प्रसंग असतात तेव्हा कलाकारांची संमती, मर्यादा आणि हालचाली आधी ठरवून घेणारा माणूस, बहुधा बाई. २०१८ मध्ये अमेरिकेत एचबीओने आपल्या मालिकांसाठी हे पद सुरू केलं आणि ते जगभर पसरलं. मुंबईतही आता ही मंडळी काम करतात. फाइट मास्टर मारामारी बसवतो तसं हे. मराठीत अजून रुळलेला शब्द नाही, सेटवर इंग्रजी नावच चालतं.

मराठीत ‘इंटिमेट’ला एकच नेमका शब्द कोणता?

एकच शोधूच नका. मी असे अनेक मजकूर पाहिले आहेत जिथे भाषांतरकाराने सगळीकडे ‘घनिष्ठ’ ठोकून दिलं आहे. ‘घनिष्ठ’ वाईट नाही, पण तो भाषणातला शब्द आहे. दोन देशांचे संबंध घनिष्ठ असतात. दोन मैत्रिणींचे असतील तर त्या मैत्रिणी मंत्रालयात असाव्यात.

मराठीत नातं कोणतं यावर शब्द ठरतो. मित्र जिवलग किंवा जिवाभावाचा. दोन कुटुंबांत घरोबा. विषय जिव्हाळ्याचा. गप्पा मनमोकळ्या, बैठक मोजक्यांची, ज्ञान सखोल. धाकट्याने थोरल्याशी साधलेली जवळीक म्हणजे सलगी, आणि ‘सलगी देणे’ हा थोरल्याचा अधिकार. नव्याने जमलेल्या दोघांचं सूत जुळतं, रोज एकत्र दिसणाऱ्यांची गट्टी असते. ‘मेतकूट जमलंय’ म्हटलं की बोलणाऱ्याला ते तितकंसं रुचलेलं नाही हेही कळतं. त्याच्याही पुढे ‘साटंलोटं’. तिथे जवळीक आहे, पण कोणाच्या तरी मुळावर आलेली.

इंग्रजी शब्द फक्त खोली सांगतो आणि बाकीचं संदर्भावर सोडतो. मराठीला वय, नातं, हेतू आणि बोलणाऱ्याचं मत हे सगळं लागतं. म्हणून भाषांतर करताना आधी विचारा : कोण कोणाच्या जवळ आहे, आणि हे सांगणाऱ्याला ते आवडलंय का? उत्तर मिळालं की शब्द आपसूक सुचतो. स्त्री-पुरुषांतल्या शारीरिक अर्थासाठी ‘जवळीक’ किंवा सरळ ‘शरीरसंबंध’. ‘अंतरंग’ मात्र टाळा. हिंदीत ते त्या अर्थाने चालतं. मराठीत अंतरंग पुस्तकाचंही असतं आणि वाचक गोंधळतो.

‘फॅमिलिअर’, ‘चमी’, ‘पॅली’ हे यापेक्षा किती वेगळे?

‘फॅमिलिअर’ घरावरून आला. लॅटिन ‘फामिलिया’त नोकरचाकरही धरले जात. त्यामुळे शब्दात ओळख आहे, आणि जास्त झाली तर आगाऊपणाही. ‘अतिपरिचयादवज्ञा’ हे आपलं वचन इंग्रजीत याच शब्दाने सांगतात.

‘चमी’चं मूळ ‘चम’ म्हणजे दोस्त, सतराव्या शतकातली विद्यार्थ्यांची बोली. बहुधा एकाच खोलीत राहणाऱ्या ‘चेंबर फेलो’चा तो आखूड झालेला शब्द. ब्रिटिश काळात इथे आलेले अविवाहित साहेब भाडं वाटून एकत्र बंगला घेत, त्याला ‘चमरी’ म्हणत.

‘पॅली’ मला सगळ्यांत आवडतो. तो ‘पाल’ म्हणजे दोस्त यावरून आला, आणि ‘पाल’ इंग्रजीला दिला रोमानी लोकांनी, म्हणजे ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवलं गेलं त्यांनी. रोमानी भाषेत ‘फ्राल’ किंवा ‘प्राल’ म्हणजे भाऊ. हे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि त्यांचा हा शब्द संस्कृत ‘भ्रातृ’चाच वंशज आहे. आपला ‘भाऊ’ही तिथलाच. त्यामुळे लंडनच्या पबमध्ये कोणी ‘पाल’ म्हणून हाक मारली तर त्याला ‘काय भाऊ’ असं उत्तर द्यायला हरकत नाही.

‘मोस्ट इंटिमेट’ म्हणणं चुकीचं आहे का? मुळातच तो तमभाव आहे ना?

लॅटिनच्या हिशेबाने ‘सर्वांत सर्वांत आतला’ होतं, खरं. पण इंग्रजीत शब्दाची ती जाणीव केव्हाच पुसली गेली आहे, त्यामुळे ‘मोअर इंटिमेट’, ‘मोस्ट इंटिमेट’ दोन्ही शुद्ध धरतात. आपणही ‘सर्वोत्तम’ म्हणतोच की, आणि ‘उत्तम’मध्ये ‘तम’ आधीच बसलेला आहे. शिवाय लॅटिनवाले स्वतः कुठे सोवळे होते? चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टिन देवाला उद्देशून लिहितात की तू माझ्या सर्वांत आतल्या जागेहूनही अधिक आत होतास. तिथे ‘इंटिमुस’च्या पुढे ‘इंटेरिओर’ ठेवून त्यांनी तमभावावर तरभाव चढवला आहे, आणि व्याकरणाच्या कुठल्याही मास्तराने त्यांचे गुण कापलेले नाहीत.